दीड हाताचा खड्डा

अण्णाचं पोट त्या वर्षी श्रावणातच बोलायला लागलं. भाकरी खाऊन उठला की तासाभरात आत गुडगुड सुरू व्हायची, इतकी मोठी की शेजारच्या पट्टीत मूग तोडणाऱ्या बायका माना वळवून बघायच्या. मग बेंबीच्या डाव्या अंगाला एक गोळा वर यायचा, कातडीखालून सरकत जायचा आणि मध्येच अडायचा. अण्णा बाजेचा कठडा पोटात दाबून उकिडवा बसायचा. "थांबा, जाईल आता," म्हणायचा. कधी खरंच जायचा. मग घामानं भिजलेला अण्णा हसायचा आणि राहिलेली भाकरी मागायचा.

"ह्यांच्या पोटात मांजर व्यालंय," वैनी म्हणायची. "पिलं बाहेर येईस्तवर मला झोप न्हाई."

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ मडिवाळप्पा. वैनीचं नाव निंगम्मा. मी चन्नवीर, चौतिशीला आलो तरी बिनलग्नाचा, त्यामुळे घरात माझ्या मताला तेवढीच किंमत. घर चालतं अव्वाच्या जिभेवर. अव्वा म्हणजे आमची आई, गंगव्वा. तिचे दोन्ही गुडघे दुमडत नाहीत. पाय लांब पसरून ती बसते आणि बसल्या जागेवरून सगळ्यांना कामाला लावते.

कार्तिकातल्या एका शुक्रवारी अण्णाचं पोट बोलायचं बंद झालं. शनिवारीही बंद. ना शौच, ना वारा. पोट हलगीसारखं ताणलं आणि संध्याकाळी हिरवं पाणी ओकू लागला. बाहेर तुरीला शेंगा धरल्या होत्या, राखणीला माणूस नव्हतं, पण आम्ही सगळे जीपमध्ये बसून गुलबर्ग्याला गेलो.

रविवारी सकाळी त्याला आत घेतलं. नर्सबाई म्हणाली, गळ्यातलं सगळं काढा. अव्वानं तिचा हात धरला. आम्ही लिंगायत, आमच्यात गळ्यातलं लिंग अंगावरून उतरत नाही. जन्मल्यावर बांधतात ते मातीत बसेपर्यंत अंगावरच राहतं. बराच वेळ बोलाचाली झाली, शेवटी नर्सनंच शहाणपण केलं आणि लिंग अण्णाच्या दंडाला पट्टीनं चिकटवून दिलं. कागदावर सही मी केली. दहावी झालेला घरात मी एकटाच.

दुपारी एक तरुण डॉक्टर स्टीलचा ट्रे घेऊन बाहेर आला. "या, बघून घ्या. हे काढलं."

ट्रेमध्ये अण्णाचं आतडं होतं. पावसात भिजून पडलेल्या दोरासारखं, करडं, जागोजागी काळं. डॉक्टरनं चिमट्यानं दाखवलं, इथं, इथं आणि इथं आवळून गेलंय, करंगळी जाणार नाही एवढीच वाट राहिलीय. कडेला हरभऱ्याएवढ्या गाठी होत्या. दीड हात तरी लांबी असेल. वैनी डोळे फाडून बघत राहिली. मीही बघितलं, बघायला नको होतं. अव्वानं पदर तोंडावर ओढला आणि भिंतीकडे वळली.

"जगंल ना?" वैनीनं विचारलं.

"जगेल. बाकीचं आतडं चांगलंय, जोडलंय आम्ही." मग त्यानं तो तुकडा एका धुरकट पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात औषधाच्या पाण्यात घातला, झाकण फिरवून घट्ट केलं, वरून चिकटपट्टी लावली आणि एका कागदासह माझ्या हातात दिला. "हे समोरच्या लॅबमध्ये द्या. यावरूनच कळेल हे कशानं झालं. विसरू नका."

विसरलो नाही. विसरलो असतो तर बरं होतं, निदान विसराळू म्हणून शिव्या खाल्ल्या असत्या.

लॅब रस्त्यापलीकडे, औषधाच्या दुकानावर. अव्वा माझ्यामागून फरफटत पाय टाकत आली. बाकड्यावर तिला बसवेना. वर कुलूप होतं, रविवार. जिन्यात एक बाई झाडू मारत होती. ती म्हणाली, उद्या दहाला उघडतील.

"काय करतात हो ह्याचं?" अव्वानं विचारलं.

"नखाएवढं कापून काचंखाली बघतात."

"आन् बाकीचं?"

"पिवळ्या पिशवीत जातं. गाडी येती, भट्टीत जाळतात सगळं."

झाडणारीचा काही दोष नाही. विचारलं ते तिनं सांगितलं. पण अव्वा जिन्यातच बसली, पाय सरळ पुढे टाकून, आणि हात पुढे केला.

"दे तो डबा."

"अव्वा, उद्या देऊ की. तपासायला पायजे म्हणाले."

"आपल्या घरातलं आजवर कुणी जळलंय?" ती म्हणाली. "तुझा आज्जा जळला? तुझा अप्पा जळला? माझं पोरगं मी भट्टीत देऊ व्हय, कचऱ्यासंगं? दे."

मी दिला. त्यावेळी माझ्या डोळ्यांसमोर अप्पा होता. शेताच्या कडेला खड्ड्यात मांडी घालून बसवलेला, कपाळाला विभूती, तळहातावर लिंग, तोंड उत्तरेला, जणू जेवायला वाढायची वाट बघतोय. मीच खाली उतरून त्याला बसवलं होतं. त्यानंतर भट्टी मलाही नको होती, हे कबूल करतो. अव्वाच्या डोक्यावर खापर फोडून मोकळा होणाऱ्यांतला मी नाही. तिनं मागितला आणि मला देऊन टाकायचाच होता.

अव्वानं डबा पदरात गुंडाळला आणि तडक गावची एस्टी धरायला निघाली. मी म्हणालो, अण्णा अजून शुद्धीवर नाही. ती म्हणाली, "तितल्या मडिवाळ्याला निंगी हाय. ह्याला कोण हाय?"

गाडीत अव्वाच्या मांडीवर डबा. शेजारी बसलेली बाई दोन-तीनदा बघून शेवटी म्हणालीच, "लोणचं का काय? वास उग्र हाय."

"घरचंच हाय," अव्वा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

मठातल्या अय्यांना मी विचारायला गेलो. अय्या म्हातारे, पण डोकं ठिकाणावर. म्हणाले, "अरे, ज्याच्या अंगावर लिंग हाय तो माणूस जिवंत. जिवंत माणसाचे विधी मी कसे करू? केस कापतोस, नखं कापतोस, तवा येतोस काय माझ्याकडं?" मग थोड्या वेळानं विभूतीचा एक गोळा आणि मूठभर बेलाची पानं दिली. "तुझ्या आईचं समाधान. बाकी मला काय विचारू नको. आन् कुणाला सांगूबी नको."

आमच्यात खड्ड्याचं माप ज्याच्या त्याच्या पावलानं घेतात, त्याच्याच नऊ पावलांचा खड्डा. अव्वानं अण्णाच्या चपला बरोबर आणल्या होत्या. पण एवढ्याशा तुकड्याला नऊ पावलं म्हणजे फारच. शेवटी हातानंच मोजलं, दीड हात, आडवंही तेवढंच. अप्पाच्या समाधीच्या शेजारी मी खणू लागलो. काळी माती, वर भेगाळलेली, खाली ओलसर. खोल गेल्यावर मी विचारलं, "अव्वा, ह्याला बसवायचं कसं? तोंड कुठं ह्याचं?"

मला हसू आलं होतं, खरंच आलं होतं. अव्वानं हातातली बेलाची पानं माझ्या तोंडावर फेकून मारली. "जा, इहिरीवरनं पाणी आण."

मी घागर घेऊन परत आलो तोवर माती ओढून झाली होती. अव्वा जमिनीवर पालथी, कोपरं टेकून, हातानं माती थापत होती. गुडघे दुमडत नाहीत म्हणून तिला तसंच लवंडावं लागलं. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे.

"ठेवलंस?"

"ठेवलं. माझ्या हातानं ठेवलं. मातीला माती लागली." तिनं पाणी शिंपडलं. "चल."

सोमवारी दवाखान्यात तरुण डॉक्टरनं विचारलं, "दिलं ना लॅबमध्ये?"

"दिलं," मी म्हणालो.

अकराव्या दिवशी अण्णा घरी आला. पोटावर वरून खालपर्यंत टाके, गालफडं आत गेलेली, मिशी तेवढी पूर्वीची. तूर पिकली होती. उन्हानं शेंगा तडकायला लागल्या की दाणे रानात सांडतात, थांबता येत नाही. त्यामुळे मी, वैनी आणि दोन रोजंदार बायका पहाटे पहाटेच विळे घेऊन जायचो, दव असेतो कापायचो. अण्णाला घरी करमेना. वैनीनं त्याला शेतावरच्या बाभळीखाली घोंगडं टाकून दिलं. मऊ भात, ताक, उकडलेली डाळ. ज्वारीची भाकरी बंद.

तिसऱ्या दिवशी अण्णा काठी टेकत बांधावरून फिरत होता. कडेच्या समाध्यांजवळ थांबला. आज्जाची, आज्जीची, अप्पाची. आणि चौथा उंचवटा, लहानसा, वर दगड, दगडावर विभूतीची बोटं.

"अव्वा," तो लांबूनच ओरडला, "कुणाचं पोर गेलं गं?"

आम्ही सगळे वाकलेलेच राहिलो. वैनीला काहीच माहीत नव्हतं, ती माझ्याकडे बघू लागली. अव्वा खळ्याच्या कडेला पाय पसरून शेंगा झोडत होती. तिनं काठी खाली ठेवली.

"माझंच," ती म्हणाली.

त्या दिवशी सगळं बाहेर आलं. वैनीनं विळा फेकला. "मला न इचारता? माझ्या नवऱ्याला पुरलंत आन् मी तिकडं त्यांच्या नाकातली नळी धरून बसले व्हते! आता मी किती सवाष्ण आन् किती रांड, तेवढं तरी मोजून सांगा!" अव्वा काठी उचलून पुन्हा शेंगा झोडू लागली. अण्णा बाभळीखाली जाऊन घोंगड्यावर पडला.

दोन दिवसांत गावभर झालं. मी कुणाला बोललो नाही, अव्वा बोलली नाही, पण रोजंदार बायकांना तोंडं होतीच. शेजारचा बंडेप्पा दरवर्षी खळं करताना पहिला नारळ अण्णाच्या हातून फोडून घ्यायचा, अण्णाचा हात सफळ म्हणून. त्या वर्षी नारळ फुटल्याचा आवाज आला तेव्हा अण्णा बाभळीखाली बसलेला होता. तीस पावलांवर. बंडेप्पानं खोबऱ्याचा तुकडा पाठवला, तोही पोराच्या नाही, गड्याच्या हाती. अण्णानं तो घेतला, कपाळाला लावला आणि बाजूला ठेवला. मुंग्या आल्या तरी तिथंच होता.

मग त्याला ते लागलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. दुपारी कापणी थांबली की तो म्हणायचा, "चन्न्या, हितं गार लागतंय." हात ठेवायचा तो पोटाच्या डाव्या अंगाला. "आत न्हाई. जे हितं व्हतं त्याला गार लागतंय." जे काढून नेलं तेच दुखायचं. जेवताना दोन घास खाऊन थांबायचा आणि उंचवट्याकडे बघायचा. एकदा म्हणाला, "गुडगुड ऐकू येती का तुला? ऐक. तिकडनं येती."

मी कान दिला. तुरीच्या वाळल्या शेंगा वाऱ्यानं वाजत होत्या. पण खरं सांगू? त्यानं सांगितल्यावर मलाही ऐकू आलं. त्यानंतर मी तिकडच्या दोन ओळी कापायला रोजंदार बायकांना लावल्या. त्यांनीही त्या सोडून दिल्या. समाध्यांच्या कडेची तेवढी तूर तशीच उभी राहिली, तडकून सांडली.

संध्याकाळी अण्णाला बारीक ताप भरायचा. टाके भरून आले, पण माणूस भरेना.

चोविसाव्या दिवशी मी त्याला दाखवायला नेलं. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, मानेच्या बाजू चाचपल्या, वजन केलं. सव्वा किलोनं उतरलं होतं. "रिपोर्ट कुठे आहे?"

"आला न्हाई अजून," मी म्हणालो.

त्यांनी फोन उचलला. लॅबशी बोलल्या. फोन ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. "नोंदच नाही म्हणतात. काय केलंत त्याचं?"

अण्णा म्हणाला, "पुरलं, बाई. मला पुरलं घरच्यांनी."

त्या रागावल्या नाहीत आधी. खुर्चीवर मागे टेकल्या. मग मात्र मला उभा-आडवा झाडला आणि मी झाडून घेतलं. शेवटी आवाज खाली आणून म्हणाल्या, "ऐका. दीड हात आतडं गेलं तरी माणूस जगतो. पण ते कशानं गेलं हे कळलं पाहिजे. दोन आजार आहेत, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. एक आतड्याचा क्षय, त्याला गोळ्या आहेत, सहा-नऊ महिने घ्या, बरे व्हाल. दुसरा गाठींचा आजार, त्याचं औषध वेगळं, जहाल. चुकीच्या औषधावर दोन-तीन महिने घालवले तर हा माणूस हातातून जाईल. आणि परत पोट उघडून गाठ काढायची तर ती ताकद यांच्यात आत्ता नाही." मग म्हणाल्या, "पुरलंत ते डब्यासकट पुरलंत का? डबा बंद असेल तर अजूनही तपासता येईल."

मी आशेनं उठलोच होतो. मग अव्वाचे काळे हात आठवले. "न्हाई बाई. आईनं हातानं मातीत ठेवलं. बिनडब्याचं."

त्यांनी डोळे मिटले. "मग काही उपयोग नाही."

घरी येऊन मी सगळं सांगितलं, एकही शब्द गाळला नाही. वैनी चुलीपुढे बसून होती. "आता रडूबी कुणासाठी?" म्हणाली, "वर हाय त्याच्यासाठी का खाली हाय त्याच्यासाठी?" अव्वानं दोन्ही आजारांची नावं परत विचारून घेतली. बंद डबा असता तर, हे वाक्यही परत विचारून घेतलं. मग भिंतीला टेकून बसली. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी ती जेवली नाही. मला वाटलं पश्चात्ताप होतोय, होऊ दे. दुसरा काही विचार डोक्यात आला नाही.

येळवस, म्हणजे रानपूजेची अमावस्या, आठवड्यावर होती. त्या आठवड्यात अव्वा चारदा काहीतरी बोलायला म्हणून माझ्याजवळ आली आणि चारदा मीठ कुठंय, दोर कुठंय असं विचारून गेली. एकदा एवढंच म्हणाली, "चन्न्या, मातीतनं माणूस वर काढला तर माती रिकामी ऱ्हात न्हाई. बदल्यात दुसरा मागती. तुझा आज्जा सांगायचा." मी म्हणालो, "कोण काढतंय?" ती निघून गेली.

येळवशीला सगळं गाव आपापल्या रानात. आम्हीही कडब्याची कोप उभारली, पाच दगड चुन्यानं रंगवले, त्यांना शेंदूर लावला. वैनीनं पहाटेपासून रांधलं होतं, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, मडकंभर आंबील. अव्वानं हाळी देत रानभर आंबील शिंपडली. मग पानं मांडली. अण्णाच्या पानावर मऊ भात आणि आंबिलीचं पाणी.

आणि अव्वा एक पान भरून उठली. भज्जी, उंडे, वर खीर, लोणचं, सगळं. खुरडत उंचवट्याजवळ गेली आणि दगडापुढे ते पान ठेवलं.

अण्णा बघत होता. त्यानं भाताचा हात झटकला.

"त्याला भज्जी," तो म्हणाला, "आन् मला पेज."

"मडिवाळ्या, बस खाली," अव्वा म्हणाली.

"त्यो जेवतोय, म्हणून मी वाळतोय! माझं सगळं त्योच खातोय गं अव्वा!" त्यानं कोपीला टेकवलेली कुदळ उचलली. महिनाभर ज्यानं तांब्या उचलला नव्हता, तो कुदळ घेऊन चालू लागला. मी आडवा गेलो, मला कोपरानं ढकललं. वैनी मागून लुगडं सावरत धावली, पण अडवायला नाही. "खणा," म्हणाली, "काय हाय ते एकदा वर येऊ दे. सडलं असंल तर सडलं म्हणू."

अण्णानं पान लाथेनं उडवलं. दगड लोटला. कुदळ वर नेली. अव्वा उंचवट्यावर आडवी पडायला गेली, पण गुडघ्यांनी दगा दिला आणि ती कडेलाच कोसळली. पहिला घाव बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला अव्वा ओरडली,

"हळू मार रं! डबा फुटंल!"

कुदळ वरच राहिली. आम्ही तिघं अव्वाकडे बघत होतो. ती मातीत पालथी पडलेली, तोंडात माती गेलेली.

"हातानं ठेवलं म्हणालीस की," मी म्हणालो.

"न्हाई ठेवलं." ती रडायला लागली, आवाज न करता. अप्पा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. "तू पाण्याला गेलास. झाकणाला हात घातला. दोनदा घातला. न्हाई उघडवलं माझ्याच्यानं. ह्यो जन्मला तवा सुईण यायच्या आधी मीच उचलला व्हता, नाळंसकट, रक्तासकट. आन् हे न्हाई बघवलं. त्या ट्रेकडंबी मी बघितलं न्हाई. डब्यासकटच लोटलं आन् माती ओढली. कसं सांगू? आई म्हणवते मी, आन् माझ्याच लेकराची घाण वाटली मला."

"मग आठ दिवस काय करत व्हतीस?" वैनी किंचाळली. "बाईंनी काय सांगितलं ते दोनदा ऐकून घेतलंस!"

"भ्याले," अव्वा म्हणाली. "वर काढलं तर माती सगळाच मागंल. ह्यालाच मागंल."

अण्णानं कुदळ टाकली. खाली बसला आणि हातांनी माती उकरायला लागला. अव्वानंही हात घातले. मी आणि वैनी बघत राहिलो, कारण दोघांच्या मध्ये जागाच नव्हती. पांढरं झाकण वर आलं तेव्हा चिकटपट्टीवर अण्णाचं नाव अजून वाचता येत होतं. आतलं पाणी हललं. अण्णानं डबा दोन्ही हातांत धरून वर उन्हाकडे केला आणि खूप वेळ बघितला. अव्वानं या वेळी पदर ओढला नाही. तीही बघत होती.

"एवढंसं तर हाय," अण्णा म्हणाला.

डबा दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये दिला. वरची माती पुसून, पावती घेऊन, पावती खिशात चारदा तपासून. दहाव्या दिवशी कागद आला. डॉक्टरीणबाईंनी वाचला आणि पहिल्यांदा हसल्या. क्षय होता. गोळ्यांचा. गोळ्यांमुळे पहिल्या दिवशी लघवी लाल झाली तेव्हा अण्णा घाबरून मलाच हाक मारत सुटला, पण पुढे ताप गेला, महाशिवरात्रीला भाकरी सुरू झाली, पुढच्या मृगाला त्यानं तिफण धरली.

खड्डा तेवढा राहिला. अय्या म्हणाले, दगड टाकून बुजवा. अव्वानं टाकू दिले नाहीत. वैनीनं एकदा केर ओतला तर अव्वानं तो हातांनी उपसून काढला. पावसाळ्यात त्यात पाणी साठलं, बेडकं झाली, आटलं. येता-जाता माझी नजर जायचीच. उघडा खड्डा शेतात असणं म्हणजे काय, हे ज्याच्या शेतात असतो त्यालाच कळतं. अण्णा तर तिकडं बघायचाच नाही. त्या बाजूचं रान मीच नांगरायचो.

मग पुन्हा येळवस आली. पूजा झाली, पानं मांडायची तर अव्वा म्हणाली, "आधी मोठा करा त्यो."

"काय?"

"खड्डा. मातीला सांगितलंय मी. त्याच्या जागी मी. तसं मी बोलले म्हणूनच मातीनं डबा वर घेऊ दिला." आणि ती उठली, खड्ड्याच्या कडेपासून टाचेला अंगठा लावत चालू लागली, मोठ्यानं मोजत. एक. दोन. तीन. आम्ही कुणी तिला थांबवू शकलो नाही. नऊ झाल्यावर तिनं काठीनं रेघ ओढली. "माझं बसणं माहीत हाय तुम्हाला. गुडघे दुमडत न्हाईत. पाय लांब पडतील एवढी जागा ठेवा. मेल्यावर मोडून बसवू नका मला."

अण्णानं माझ्या हातातून खोरं घेतलं. डॉक्टरीणबाईंनी आता परवानगी दिली होती. आम्ही दोघांनी आईचा खड्डा खणला, आई वर बसून देखरेख करत होती, हितलं अजून घे, तितं वाकडं झालंय म्हणत होती. वैनी कोपीत तोंड लपवून बसली. कमरेच्या वर खोल गेल्यावर अव्वा म्हणाली, "उतरवा मला. माप बघू."

उतरवलं. ती पाय पसरून बसली, पाठ मातीला टेकवली. तिचं डोकं आत बुडालं, पांढरे केस तेवढे वरून दिसत होते. तळहात तिनं मांडीवर उपडा न ठेवता उताणा ठेवला, अप्पाला बसवला होता तसा.

"बरोबर हाय?" मी विचारलं.

"गार हाय," ती म्हणाली. मग आवाज बदलला. "लई गार हाय रं हितं. बत्तीस दिवस ठेवलं व्हतं मी तुला हितं, मडिवाळ्या. एकट्याला." आणि दोन्ही हात वर करून चाचपडायला लागली. "काढा रं मला. लवकर काढा."

मी उतरेपर्यंत अण्णा उतरला होता. त्यानं तिच्या काखेत हात घातले. "तू नको, टाके," मी ओरडलो. त्यानं ऐकलं नाही. पाय मातीत रोवले, मान मागे गेली, पोटावरचा व्रण सदऱ्याखालून ताणला आणि त्यानं आईला त्या खड्ड्यातून उचलून माझ्या हातात दिलं. मग कडेवर वाकून धापा टाकत उभा राहिला.

आणि त्याचं पोट बोललं. गुडगुड, मोठ्यानं, वर्षापूर्वीसारखी. आम्ही सगळे दगड झालो. वैनी कोपीतून बाहेर आली. अण्णानं हात पोटावर ठेवला, आवाज कुठं जातोय ते बोटांनी शोधत राहिला. आवाज सरकत गेला आणि कुठंही न अडता खाली उतरला.

"भूक लागलीय," अण्णा म्हणाला.

वैनीनं पान मांडलं. भज्जी वाढली, उंडे वाढले, वाढतच राहिली. आम्ही खड्ड्याकडे पाठ करून जेवायला बसलो. अव्वा मात्र फिरून बसली, खड्ड्याकडे तोंड करून, आणि जेवण होईपर्यंत तिनं दुसरीकडे पाहिलं नाही.